कंपनमापक घेण्याआधी यंत्रांची यादी करा

भोसरी किंवा चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील मध्यम आकाराच्या एखाद्या कारखान्यात देखभाल विभागाचे कपाट उघडले, की तळाच्या खणात काळ्या पेटीत बंद करून ठेवलेले एक कंपनमापक बऱ्याचदा सापडते. नवे होते तेव्हा ते हौसेने वापरले गेलेले असते. पुढे त्याची बॅटरी उतरते, ते हाताळणारा मुलगा दुसऱ्या कारखान्यात जातो आणि पंपाचे बेअरिंग गेले की नाही हे पुन्हा जुन्या फिटरने कानाला लावलेल्या स्क्रू ड्रायव्हरवर ठरू लागते. अशा उपकरणात सहसा काही दोष नसतो. ज्या यंत्रांसाठी ते घेतले, त्यांच्याशी त्याचा मेळ मात्र कोणी घालून पाहिलेला नसतो. म्हणून या लेखात उपकरणांच्या वर्णनाने सुरुवात न करता कारखान्यातील यंत्रांपासून, त्यांच्यात होणाऱ्या बिघाडांपासून आणि मोजणाऱ्या माणसापासून सुरुवात केली आहे. उपकरण त्यानंतर आपोआप पुढे येते.

यादी कशी करावी

एक साधी वही किंवा एक्सेलचा तक्ता घ्यावा आणि फिरणाऱ्या प्रत्येक यंत्रासमोर पुढील गोष्टी लिहाव्यात: मोटारीची किलोवॅट क्षमता, मिनिटाला होणारे फेरे, मोटार थेट वीजपुरवठ्यावर चालते की व्हीएफडीवर (मोटारीचा वेग बदलणाऱ्या उपकरणावर), जोडणी कपलिंगने आहे की पट्ट्याने, बेअरिंग बॉल-रोलरचे आहे की व्हाइट मेटलचे (तेलाच्या थरावर चालणारे), त्याचा क्रमांक काय, गिअरबॉक्स असल्यास दातांची संख्या किती, यंत्र काँक्रीटच्या पायावर बसवले आहे की लोखंडी सांगाड्यावर, आणि चालू यंत्राच्या बेअरिंगपर्यंत माणसाचा हात सुरक्षितपणे पोहोचतो का. शेवटच्या दोन रकान्यांकडे सर्वांचे दुर्लक्ष होते आणि नेमके तेच पुढे महागात पडतात.

या माहितीला मागील तीन-चार वर्षांच्या ब्रेकडाउन नोंदींची जोड द्यावी. कोणते यंत्र किती वेळा बंद पडले, त्यामुळे उत्पादन किती तास थांबले आणि बिघाडाचे मूळ कारण काय निघाले, हे लिहिल्यावर यंत्रांचे तीन गट आपोआप पडतात. काही यंत्रे थांबली की सगळी लाइन थांबते आणि त्यांना पर्यायी यंत्र नसते. काहींना जोडीदार पंप किंवा राखीव ब्लोअर असतो. उरलेली लहान यंत्रे बिघडल्यावर बदलून टाकणेच स्वस्त पडते. तिसऱ्या गटावर कंपनमापनाचा पैसा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्ध्या किलोवॅटच्या कूलंट पंपाचा आलेख काढत बसणाऱ्या माणसाचे मोठ्या ब्लोअरकडे दुर्लक्ष होते.

पुणे परिसरातील यंत्रे एका साच्यात बसणारी नाहीत, हेही यादी करताना लक्षात येते. पिंपरी-चिंचवडमधील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सीएनसी यंत्रे, स्क्रू कॉम्प्रेसर, हायड्रॉलिक पॉवर पॅक, भट्टीचे पंखे आणि कूलिंग टॉवर असतात. कुरकुंभच्या रासायनिक पट्ट्यात रिअ‍ॅक्टरचे अ‍ॅजिटेटर आणि सॉल्व्हंटचे पंप असतात. जिल्ह्यातील साखर कारखान्यांत टर्बाइन आणि उसाच्या मिल्स असतात. या सर्वांना एकच उपकरण पुरते असे सांगणाऱ्या विक्रेत्याला पुढचा प्रश्न विचारण्यापूर्वी चहा पाजून निरोप द्यावा.

विस्थापन, वेग की त्वरण

कंपन तीन प्रकारे मोजता येते. भाग जागेवरून किती हलतो हे विस्थापन मायक्रॉनमध्ये सांगितले जाते, किती झपाट्याने हलतो हे वेगाच्या रूपात मिलिमीटर प्रति सेकंदात, आणि त्या हालचालीत किती जोर आहे हे त्वरणाच्या रूपात जी (गुरुत्वाकर्षणाचे त्वरण) या एककात सांगितले जाते. हे तिन्ही एकाच हालचालीचे पैलू असून वारंवारता ठाऊक असेल तर एकावरून दुसरे काढता येते. मात्र कोणत्या वारंवारतेला कोणता आकडा डोळ्यांत भरतो, यावर निवड ठरते.

उदाहरणार्थ, मिनिटाला १४८० फेरे करणाऱ्या पंपावर त्याच्या फिरण्याच्या वारंवारतेला, म्हणजे साधारण २४.७ हर्ट्झला, ४.५ मिमी प्रति सेकंद आरएमएस (एक प्रकारची सरासरी) वेग मिळाला, तर त्याचे विस्थापन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ८२ मायक्रॉन होते. तोच वेग ३०० फेऱ्यांच्या पंख्यावर मिळाला, तर विस्थापन ४०० मायक्रॉनच्या पुढे जाते, म्हणजे पंखा डोळ्यांना दिसेल इतका हलत असतो. आता याच्या उलट टोकाला जाऊ. बेअरिंगच्या रेसवर (बॉल ज्या कड्यावर फिरतात त्यावर) नुकताच चरा पडला असून त्यामुळे ३००० हर्ट्झच्या आसपास अवघे ०.५ मिमी प्रति सेकंद कंपन निर्माण झाले, असे समजू. एकूण वेगाच्या आकड्यात हे कंपन कुठेच जाणवणार नाही आणि विस्थापन तर मायक्रॉनच्या दहाव्या भागाहूनही कमी असेल, पण त्वरण जवळजवळ एक जी इतके दिसेल. म्हणून ढोबळ नियम असा की सुमारे १० हर्ट्झच्या खाली विस्थापन, १० ते १००० हर्ट्झमध्ये वेग आणि त्याच्या वर त्वरण पाहावे. असमतोल, अलाइनमेंटमधील चूक आणि पायाचा सैलपणा बहुतेक वेळा मधल्या पट्ट्यात सापडतात. बेअरिंग आणि गिअर यांची सुरुवातीची तक्रार वरच्या पट्ट्यात उमटते.

मर्यादा कोठून घ्याव्यात

१९३९ मध्ये टी. सी. रॅथबोन यांनी यंत्राच्या कंपनाची तीव्रता ठरवणारा तक्ता प्रसिद्ध केला आणि पुढील अनेक तक्ते त्याच्याच पावलावर पाऊल ठेवून आले. आज औद्योगिक यंत्रांसाठी आयएसओ १०८१६ आणि त्याची जागा टप्प्याटप्प्याने घेणारी आयएसओ २०८१६ ही मालिका वापरली जाते; तिचा सर्वसाधारण यंत्रांसाठीचा तिसरा भाग २०२२ मध्ये नव्या क्रमांकाने आला. दीर्घकाळ वापरात असलेल्या आकड्यांनुसार १५ ते ३०० किलोवॅटच्या यंत्रासाठी, आधार ताठ असेल तर, अ (सर्वांत चांगली स्थिती), ब, क आणि ड (धोकादायक स्थिती) या विभागांच्या सीमा १.४, २.८ आणि ४.५ मिमी प्रति सेकंद आरएमएस येतात. आधार लवचीक असेल तर त्याच सीमा २.३, ४.५ आणि ७.१ होतात. ३०० किलोवॅटच्या वरच्या यंत्रांना ताठ आधारावर २.३, ४.५ आणि ७.१ लागू होतात. १५ किलोवॅटच्या खालच्या लहान यंत्रांसाठी जुन्या वर्गवारीतील ०.७१, १.८ आणि ४.५ हे आकडे आजही अनेक कारखान्यांच्या भिंतीवर लावलेले आढळतात.

आधार ताठ की लवचीक हे नुसत्या नजरेने ठरत नाही. यंत्र व त्याचा आधार यांची मिळून होणारी सर्वांत खालची नैसर्गिक वारंवारता मुख्य उत्तेजक वारंवारतेपेक्षा, म्हणजे बहुधा फिरण्याच्या वेगापेक्षा, किमान २५ टक्क्यांनी वर असेल तर त्या दिशेपुरता आधार ताठ मानतात. मेझनिनवर (मधल्या मजल्यावर) बसवलेला ब्लोअर उभ्या दिशेला ताठ आणि आडव्या दिशेला लवचीक असू शकतो. प्रत्यक्षात मात्र हे तक्ते पहिली दिशा दाखवण्यापुरतेच वापरावेत. यंत्र निरोगी असताना घेतलेले स्वतःचे आकडे आणि त्यांत झालेला बदल अधिक बोलका असतो, १.० वरून २.२ वर गेलेला पंप तक्त्यानुसार अजून ब विभागात असला, तरी त्याच्याकडे लक्ष द्यायलाच हवे. पॉवर प्रेस, फोर्जिंग हॅमर यांसारख्या झटके देणाऱ्या यंत्रांना तर हे आकडे लावूच नयेत.

पेन, मीटर आणि विश्लेषक

खिशात मावणारे पेनसारखे कंपनमापक हा सर्वांत स्वस्त मार्ग. त्यावर १० ते १००० हर्ट्झमधील एकूण वेगाचा एक आकडा येतो. ज्या कारखान्यात आजवर काहीच मोजले जात नव्हते, तेथे दर आठवड्याला हा आकडा वहीत लिहिण्याची सवय लागली तरी असमतोल आणि अलाइनमेंटच्या बऱ्याच तक्रारी वेळेत सापडतात. त्यातल्या त्यात वेगासोबत बेअरिंगच्या अवस्थेचा वेगळा, उच्च वारंवारतेतील आकडा देणारे उपकरण घ्यावे, कारण फक्त वेगाचा आकडा देणाऱ्या पेनला बेअरिंगची तक्रार फार उशिरा कळते. मात्र बेअरिंगचा आकडा प्रत्येक कंपनीचा स्वतःचा असतो. कोणी एन्व्हलप पद्धत (उच्च वारंवारतेच्या कंपनातून दोषाचे वारंवार येणारे ठोके वेगळे काढणे) वापरतो, तर कोणी १९६९ च्या सुमारास स्वीडनमध्ये विकसित झालेली शॉक पल्स पद्धत, जिच्यात सेन्सर ३२ किलोहर्ट्झच्या जवळपास अनुनादित होतो. एका कंपनीच्या उपकरणावरचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो.

पेनची खरी मर्यादा त्या १० हर्ट्झच्या उंबरठ्यात आहे आणि ती मी स्वतः शिकलो. एका कारखान्यात मिनिटाला २८० फेरे करणाऱ्या कूलिंग टॉवरच्या पंख्यावर मी अनेक महिने पेनने मोजमाप घेत होतो आणि १.२ मिमी प्रति सेकंदाच्या आसपासचा आकडा पाहून समाधान मानत होतो. २८० फेरे म्हणजे ४.७ हर्ट्झ. पंख्याचा असमतोल वाढत होता, पण उपकरणातील फिल्टर नेमका तोच भाग कापून टाकत होता. मला दिसत होती ती केवळ मोटारीची कंपने. गिअरबॉक्सचा शाफ्ट तुटल्यावर उपकरणाचे माहितीपत्रक प्रथमच नीट वाचले. प्रमाणांतही ६०० फेऱ्यांच्या खालच्या यंत्रांसाठी मापन २ हर्ट्झपासून सुरू करावे असे स्पष्ट सांगितलेले आहे. पट्ट्यावर चालणाऱ्या ब्लोअरलाही हाच धोका असतो: २०० मिलिमीटरची पुली, १४८० फेरे आणि दोन मीटर लांबीचा पट्टा असेल, तर पट्ट्याची स्वतःची वारंवारता ७.७५ हर्ट्झ येते, म्हणजे उंबरठ्याच्या खालीच.

पहिल्या गटातील यंत्रे दहा-पंधराच्या वर असतील, तर फक्त एकूण आकडा देणारे उपकरण अपुरे पडते. आकडा वाढला हे कळते, का वाढला हे कळत नाही. तेथे स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती कंपन आहे याचा आलेख, दाखवणारा विश्लेषक लागतो. तो घेताना कॅटलॉगमधील चार गोष्टी पाहाव्यात: कमाल वारंवारता, स्पेक्ट्रममधील रेषांची संख्या, एन्व्हलप किंवा डीमॉड्युलेशनची सोय आणि चॅनेलची संख्या. उरलेली पाने रंगीत पडद्याच्या कौतुकाने भरलेली असतात.

यांपैकी रेषांचा मुद्दा थोडा उलगडून सांगायला हवा, कारण त्यावर किमतीत मोठा फरक पडतो. कमाल वारंवारतेला रेषांच्या संख्येने भागले की शेजारच्या दोन रेषांमधील अंतर मिळते, आणि रेषांच्या संख्येला कमाल वारंवारतेने भागले की एका मापनाला लागणारे सेकंद मिळतात. १००० हर्ट्झ आणि १६०० रेषा घेतल्या, तर अंतर ०.६२५ हर्ट्झ आणि वेळ १.६ सेकंद. आता दोन ध्रुवांची, २९८० फेऱ्यांची मोटार घ्या. तिच्या वेगाची दुप्पट वारंवारता ९९.३ हर्ट्झ असते. आपल्याकडे विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे मोटारीतील विद्युत दोष १०० हर्ट्झला उमटतो. या दोन शिखरांत केवळ ०.६७ हर्ट्झचे अंतर आहे. वरील मापनात ती एकमेकांत मिसळून जातात आणि अलाइनमेंट सुधारायची की मोटार वाइंडरकडे पाठवायची, याचा निर्णय अंदाजाने होतो. कमाल वारंवारता २०० हर्ट्झवर आणून त्याच १६०० रेषा वापरल्या, तर अंतर ०.१२५ हर्ट्झ होते आणि आठ सेकंदांत दोन्ही शिखरे वेगळी दिसतात. विजेच्या दोषाची शंका असल्यास आणखी एक सोपी तपासणी करता येते: मोटारीचा पुरवठा तोडताच १०० हर्ट्झचे शिखर तत्क्षणी नाहीसे झाले, तर दोष विद्युत, फेरे कमी होतील तसे हळूहळू उतरले, तर यांत्रिक.

कमाल वारंवारता किती हवी हे यादीतील दातांच्या आणि बेअरिंगच्या रकान्यांवरून कळते. २३ दातांचे पिनियन (लहान गिअर) १४८० फेऱ्यांवर असेल, तर दात लागण्याची वारंवारता ५६७ हर्ट्झ येते, आणि तिच्या तीन पटींपर्यंत पाहायचे तर २००० हर्ट्झ लागतात. ६२०५ क्रमांकाच्या नऊ बॉल असलेल्या बेअरिंगवर बाहेरच्या रेसचा दोष फेऱ्यांच्या ३.५८ पट आणि आतल्या रेसचा ५.४२ पट वारंवारतेला दिसतो. बेअरिंगचा क्रमांक ठाऊक नसेल, तरी बॉलच्या संख्येला ०.४ आणि ०.६ ने गुणून या दोन्हींचा बरा अंदाज येतो. व्हीएफडीवरच्या यंत्रांसाठी हे सर्व आकडे वेगाबरोबर सरकतात, त्यामुळे अशा ठिकाणी विश्लेषकासोबत टॅकोमीटर (फेरे मोजणारे उपकरण) घेणे अनिवार्य समजावे. कारखान्यातच पंख्यांचे संतुलन करायचे असेल, तर त्याच टॅकोमीटरचा फेजसाठी, म्हणजे कंपन फेऱ्याच्या कोणत्या क्षणी शिखरावर येते ते पाहण्यासाठी, उपयोग होतो. दोन चॅनेल असल्यास काम लवकर उरकते आणि आडव्या-उभ्या दिशांमधील फेजही पाहता येतो. चार चॅनेलचा विश्लेषक नियमित फेरीसाठी लागत नाही.

सेन्सर आणि त्याचे बसवणे

बहुतेक विश्लेषकांसोबत प्रति जी १०० मिलिव्होल्ट संवेदनशीलतेचा पायझोइलेक्ट्रिक (दाबाने विद्युत संकेत देणारा) त्वरणमापी येतो आणि तो बहुतेक यंत्रांना पुरतो. मंद गतीच्या यंत्रांसाठी ५०० मिलिव्होल्टचा घ्यावा. ज्या सेन्सरच्या आतच इलेक्ट्रॉनिक्स असते, तो सामान्यतः १२० अंश सेल्सिअसपर्यंतच चालतो. भट्टीच्या पंख्याच्या बेअरिंग हाउसिंगवर तो कायमचा बसवण्यापूर्वी तेथील तापमान उन्हाळ्यात मोजून घ्यावे. त्याहून अधिक तापमानासाठी चार्ज प्रकारचा सेन्सर आणि वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. कुरकुंभसारख्या ठिकाणी सॉल्व्हंटच्या परिसरात उपकरण न्यायचे असेल, तर ते स्फोटक वातावरणासाठी प्रमाणित असल्याचा कागद मागावा. त्यावरील गॅस गट आणि तापमान वर्ग आपल्या क्षेत्राच्या वर्गीकरणाशी जुळतात का ते सुरक्षा अधिकाऱ्याकडून तपासून घ्यावे.

सेन्सरपेक्षाही मला त्याच्या बसवण्याबद्दल जास्त काळजी वाटते. पाच लाखांचा विश्लेषक आणि हाताने दाबून धरलेली टोकदार सळई, अशी जोडी मी कित्येक ठिकाणी पाहिली आहे. हाताने धरलेल्या सळईतून ५०० ते १००० हर्ट्झच्या वरचे फारसे विश्वासार्ह येत नाही, आणि धरणाऱ्याच्या दाबानुसार आकडा बदलतो. वक्र पृष्ठभागावर चालणारे दोन पायांचे चुंबक साधारण २००० हर्ट्झपर्यंत काम देते. सपाट, घासून स्वच्छ केलेल्या पृष्ठभागावर चपटे चुंबक त्याच्या बरेच पुढे जाते. चिकटवलेला पॅड त्याहून चांगला असतो आणि स्टडने घट्ट बसवलेला सेन्सर १० किलोहर्ट्झच्या आसपास पोहोचतो. याचा अर्थ असा की बेअरिंगचा सुरुवातीचा दोष पकडण्याच्या उद्देशाने उपकरण घेतले असेल आणि मापन सळईने होत असेल, तर त्या उपकरणाची अर्धी किंमत वाया गेली.

तोडगा स्वस्त आहे. प्रत्येक मापन बिंदूवर दोन-तीन सेंटिमीटर व्यासाची लोखंडी चकती औद्योगिक ईपॉक्सीने चिकटवावी. जागा बेअरिंगच्या जितकी जवळ आणि त्याच्या भाराच्या क्षेत्रात, तितके चांगले. पत्र्याच्या गार्डवर किंवा मोटारीच्या पंख्याच्या आवरणावर ती कधीही चिकटवू नये. रंग पूर्ण खरवडून काढावा. पुणे परिसरातील बहुतेक औद्योगिक वसाहतींत गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. चकत्या चिकटवण्याला तो दिवस उत्तम, कारण यंत्र थंड आणि बंद असते आणि ईपॉक्सीला सुकायला पूर्ण दिवस मिळतो. मोजमाप मात्र नेहमीच्या भारावर यंत्र तासभर चालल्यानंतर घ्यावे. चुंबक लावताना ते एका कडेवर टेकवून हळूच खाली सोडावे. वरून आपटले तर धक्क्याने सेन्सरचे नुकसान होऊ शकते, आणि पहिले काही सेकंद वाचनातही चूक राहते. आडवी, उभी आणि अक्षाच्या दिशेची अशी तीन वाचने प्रत्येक बेअरिंगवर घेणे आदर्श आहे. वेळ नसेल तर मोटारीच्या कपलिंगकडच्या बाजूचे अक्षीय वाचन तेवढे कधीही सोडू नये, कारण अलाइनमेंटमधील चूक तेथे प्रथम बोलते.

कायमस्वरूपी आणि बिनतारी मापन

जेथे माणूस पोहोचू शकत नाही किंवा बिघाड फेरीच्या महिनाभराची वाट पाहणार नाही, तेथे कायमस्वरूपी सेन्सर लावावा. पीएलसी (यंत्रे चालवणारा नियंत्रक) आधीच असेल, तर ४ ते २० मिलिअँपिअर देणारा वेगाचा ट्रान्समीटर हा साधा, मजबूत उपाय आहे. तो एकच आकडा देतो, पण त्यावर अलार्म आणि ट्रिप (यंत्र आपोआप बंद होणे) लावता येतो. त्यातल्या त्यात अ‍ॅनालायझर जोडण्यासाठी मूळ त्वरणाचा वेगळा आउटपुट असलेला ट्रान्समीटर निवडावा. म्हणजे आकडा वाढल्यावर कारण शोधण्यासाठी शिडी लावावी लागत नाही.

बॅटरीवर चालणाऱ्या बिनतारी सेन्सरची सध्या मोठी चलती आहे आणि कूलिंग टॉवर किंवा उंचावरच्या एग्झॉस्ट फॅनसाठी मीही त्यांची शिफारस करतो. मात्र तीन प्रश्न लेखी विचारावेत. सेन्सर दिवसातून किती वेळा आणि किती सेकंदांचे मापन घेतो? त्याची कमाल वारंवारता किती, कारण आतली चिप मेम्स (सिलिकॉनवरील सूक्ष्म यंत्ररचना) प्रकारची असेल तर ती बऱ्याचदा पायझोपेक्षा कमी असते? आणि मूळ तरंगरूप आपल्याला उतरवून घेता येते की केवळ कंपनीच्या सर्व्हरवरील हिरवे-पिवळे-लाल दिवे दिसतात? शेडमधील लोखंडी खांब, क्रेन आणि पॅनेल यांमुळे सिग्नल कमी होतो, म्हणून गेटवे (सेन्सरचे संदेश गोळा करणारे उपकरण) कोठे बसवणार हे प्रत्यक्ष जागेवर तपासून घ्यावे. पावसाळ्यात छतावरील सेन्सरच्या झाकणात पाणी शिरणार नाही, याचीही खातरजमा करावी.

व्हाइट मेटल बेअरिंगच्या टर्बाइनची गोष्ट निराळी आहे. तेलाच्या थरात तरंगणाऱ्या शाफ्टची हालचाल हाउसिंगवर फारशी येत नाही, म्हणून तेथे बेअरिंगमध्येच नव्वद अंशांवर दोन प्रॉक्सिमिटी प्रोब (शाफ्टपासूनचे अंतर मोजणारे सेन्सर) बसवलेले असतात. ही योजना कोणी नव्याने निवडत नाही, ती टर्बाइनसोबत येते आणि तिच्यासाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे एपीआय ६७० हे प्रमाण वापरतात. आपला विश्लेषक पॅनेलच्या बफर आउटपुटला (प्रोबचा मूळ सिग्नल बाहेर देणाऱ्या जोडणीला) जोडण्याजोगा आहे ना, एवढे पाहावे. त्या प्रोबची संवेदनशीलता साधारणतः ७.८७ व्होल्ट प्रति मिलिमीटर असते आणि सिग्नलसोबत मोठा ऋण डीसी व्होल्टेज येतो. उसाच्या मिल्सचे रोलर तर मिनिटाला चार-पाच फेरेच करतात. दहा फेऱ्यांचे मापन घ्यायलाही दोन मिनिटे लागतात, तेव्हा तेथे विश्लेषकाऐवजी तेलाची तपासणी आणि बेअरिंगचे तापमान यांवर पैसे खर्च करणे शहाणपणाचे. विश्लेषक टर्बाइन, पंप आणि आयडी फॅनसाठी (बॉयलरचा धूर ओढणाऱ्या पंख्यासाठी) राखून ठेवावा, आणि गळीत हंगाम सुरू होण्याआधीच त्याची पहिली वाचने नोंदवून ठेवावीत.

प्रात्यक्षिक आपल्या यंत्रावर

विक्रेत्याने टेबलावर आणलेल्या छोट्या मोटारीवर उपकरण नेहमीच सुंदर चालते. प्रात्यक्षिक आपल्या शेडमधील तीन यंत्रांवर मागावे: एक निरोगी, एक ज्याचा दोष आपल्याला आधीच ठाऊक आहे, आणि एक मंद गतीचे. मोजणी विक्रेत्याच्या अभियंत्याऐवजी आपल्या माणसाच्या हातून करवावी. एकाच बिंदूवर दोन वेगवेगळ्या माणसांनी तीन-तीन वेळा मोजून आकडे किती जुळतात ते पाहावे. फरक मोठा पडला, तर उपकरणाआधी बसवण्याची पद्धत सुधारावी.

हातात मावणारा कॅलिब्रेटर कोणाकडे मिळाला, तर पाच मिनिटांत खरी परीक्षा होते. अशा कॅलिब्रेटरची वारंवारता बहुधा १५९.२ हर्ट्झ असते, आणि त्यामागे छान गणित आहे. ही वारंवारता सेकंदाला १००० रेडियन इतकी होते, त्यामुळे १० मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाला वेग नेमका १० मिमी प्रति सेकंद आणि विस्थापन १० मायक्रॉन येते. तिन्ही पडद्यांवर दहाचाच आकडा दिसायला हवा. कोठे चौदा दिसले, तर उपकरण आरएमएसऐवजी पीक, म्हणजे सर्वोच्च मूल्य, दाखवते आहे; अठ्ठावीस दिसले, तर पीक-टू-पीक, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे. हा गोंधळ कारखान्यांत इतका सामान्य आहे की अलार्मची मर्यादा एका पद्धतीत आणि वाचन दुसऱ्या पद्धतीत असल्याची उदाहरणे मला वर्षातून एकदा तरी भेटतात.

ऑर्डरमध्ये काय लिहावे

कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचे हवे, सेन्सर व केबलसह पूर्ण साखळीचे हवे, आणि त्यात एका वारंवारतेऐवजी अनेक वारंवारतांवरील निकाल हवेत, असे ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहावे. पुढील कॅलिब्रेशनसाठी उपकरण किती दिवस बाहेर राहील आणि त्या काळात पर्यायी उपकरण मिळेल का, हेही आधीच ठरवावे. जादा केबल एक तरी घ्यावी. विश्लेषकाच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यांतील बहुतेक कनेक्टरजवळ मोडलेल्या केबलच्या असतात. सॉफ्टवेअर एकदाच विकत मिळते की दरवर्षी शुल्क द्यावे लागते, आणि शुल्क थांबल्यावर जुना डेटा उघडता येतो का, या प्रश्नाचे उत्तर तोंडी घेऊ नये. डेटा सामान्य फाइलमध्ये बाहेर काढता आला पाहिजे, अन्यथा पाच वर्षांचा इतिहास एका कंपनीच्या कुलपात अडकतो.

माणसाचा खर्चही त्याच ऑर्डरमध्ये धरावा. आयएसओ १८४३६-२ नुसार कंपन विश्लेषकांची चार श्रेणींत परीक्षा होते. नियमित फेरी घेणाऱ्याला पहिली श्रेणी पुरते. स्पेक्ट्रम वाचून निदान करणारा एक जण तरी दुसऱ्या श्रेणीचा असावा. दोघांना तयार करावे, एकालाच नव्हे, कारण चाकणमध्ये चांगला कंपन विश्लेषक कोणत्याही कारखान्यात फार दिवस टिकत नाही. स्वतःचा माणूस घडवणे शक्य नसेल, तर पेन आणि बेअरिंग मीटर आपल्याकडे ठेवून तीन महिन्यांतून एकदा बाहेरच्या तज्ज्ञाकडून विश्लेषण करवून घेणे अधिक किफायतशीर पडते. अशा वेळी त्याच्याकडून अहवालाबरोबर मूळ डेटाही घ्यावा.

उपकरण हाती आल्यावर पहिल्या गटातील प्रत्येक यंत्राचे नेहमीच्या भारावर सलग तीन आठवडे, आठवड्यातून एकदा, वाचन घ्यावे आणि त्यांची सरासरी आधाररेषा म्हणून नोंदवावी. भार, तापमान आणि व्हीएफडीचा वेग प्रत्येक वाचनासोबत लिहावा. बेअरिंग किंवा कपलिंग बदलले, पाया पुन्हा ग्राउट केला किंवा पंख्याचे संतुलन केले, की जुनी आधाररेषा बाद करून नवी घ्यावी. दुरुस्तीनंतर पहिले काही दिवस आकडे थोडे हलतात, म्हणून ही नवी नोंद यंत्र आठवडाभर चालल्यावर करावी.